पाझरीच्या लेकी

१

आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, नदीला पाणी येईपर्यंत माझी सकाळ हाळापाशी सुरू होते. हाळ म्हणजे गुरांना पाणी पाजायचं कुंड. आमचं सिमेंटचं आहे, अंगणात बोअरच्या शेजारी, मांडीइतकं उंच आणि दोन म्हशी एकदम तोंड घालतील एवढं लांब. त्या दीड-दोन महिन्यांत मात्र म्हशींना बादलीने पाणी पाजावं लागतं, कारण हाळात लेकी असतात.

लेकी म्हणजे मासे. पाझरी नदीतली खवली, चार बोटं लांबीची, पोटाशी पिवळसर, शेपटीजवळ एक काळा ठिपका. आखाजीला सासरच्या मुली माहेरी येतात, त्याच सुमाराला डोह आटायला लागतो. मग नदीकाठच्या आमच्या आळीतल्या बायका डोहातल्या खवल्या कळशीत घालून घरी आणतात आणि नदी वाहायला लागली की कळशीला हळदकुंकू लावून त्यांची पाठवणी करतात. आळीत कुणाच्याच घरी मासा शिजत नाही. तरी नदीचं बी राखायचं काम आमच्याकडे कधीपासून आलं, ते सासूबाईंनाही सांगता येत नाही. नियम थोडेच आहेत. पाणी रोज बदलायचं. कणकेच्या गोळ्या घालायच्या. सकाळी हाळातलं पाणी घरातल्या थोरल्या बाईने डोळ्यांना लावायचं. आणि एकदा आणलेली लेक वेळेआधी परत पाठवायची नाही, मग ती कशीही असो.

यंदा त्या कशाही होत्या.

गावाच्या वर टेकडीत दगडाची खाण आहे. चार वर्षांपूर्वी तिथे दगड दळून वाळू करायचा आणि ती वाळू धुवायचा प्लांट बसला. धुतलेलं पाणी नाल्याने सरळ पाझरीत यायचं. त्याचा गाळ राखाडी होता, लोण्यासारखा मऊ. पाय घातला की बोटांच्या बेचक्यांतून वर यायचा आणि नखांत शिरून दोन-दोन दिवस निघायचा नाही. धुतलेल्या साडीला तो शेंबडासारखा चिकटायचा. म्हशी डोहातून आल्या की त्यांच्या सडांवर त्याची खपली धरलेली असायची, आणि वासरू तीच चाटायचं. मासे पोट वर करून काठाला लागायचे. एकदा मी एकाचा कल्ला काडीने उचलून पाहिला, तर आत दाबून बसवल्यासारखा गाळ भरलेला होता. काडी मी तिथेच टाकली.

मी बारावी शिकलेली, ग्रामपंचायतीची जलसुरक्षक. विहिरीत औषध टाकायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, पेटीतल्या औषधांनी तपासायचे, एवढंच माझं काम. पण त्या चार वर्षांत मी नमुन्यांच्या बाटल्या आणि अर्ज घेऊन इतक्या वेळा शहाद्याला आणि नंदुरबारला गेले, की शिपाई मला नावाने ओळखायला लागले. यंदा फेब्रुवारीत प्लांटला सील लागलं. गावाने पेढे वाटले.

आखाजीला आम्ही डोहावर गेलो तेव्हा सगळ्या आळीला मिळून जेमतेम तीस खवल्या सापडल्या. माझ्या वाट्याला नऊ आल्या. रंगाने काळपट, सुस्त, धरताना सुळकन निसटल्यासुद्धा नाहीत. आजारी आहेत, माहेरपणाने सुधारतील, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. नदीत मागे एकही उरली नव्हती. या तीस जगल्या तर पाझरीत पुन्हा खवली, नाहीतर नाही. हे प्रत्येकीला कळत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी हाळाचं बूच काढलं. पाणी वाहून गेलं आणि तळाशी बोटभर राखाडी गाळ राहिला.

२

माझं पहिलं म्हणणं असं होतं, की कल्ल्यांत साठलेला गाळ आता बाहेर पडतोय. चांगलंच आहे. मी हाळ घासला, बोअरचं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर. तिसऱ्या दिवशीही. चार बोटांच्या नऊ माशांत किती गाळ मावेल? मी रोज तो पत्र्याच्या डब्यात खरवडून परसात टाकत होते, आणि आठवड्यात तिथे टोपलीएवढा ढीग झाला. कोंबड्या त्याला वळसा घालून जायच्या. ऊन लागूनही तो वाळत नव्हता. वरून साय धरायचा आणि काडी टोचली की आतून ओला, कोमट निघायचा.

बोअर खराब झाली असेल म्हणून मी पेटी काढली. बोअरचं पाणी स्वच्छ होतं. धूळ पडत असेल म्हणून हाळावर जुनं लुगडं ताणून बांधलं. सकाळी लुगडं कोरडं, पांढरं, आणि खाली बोटभर.

मग मी एक खवली लोणच्याच्या काचेच्या बरणीत घातली, बरणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि भाकरी थापत थापत पाहत राहिले. ती हालत नव्हती. बरणी गोल असूनही ती एकाच बाजूला तोंड करून होती, मी बरणी फिरवली तरी हळूहळू वळून पुन्हा तिकडेच. तिकडे आमची चूल, चुलीमागे भिंत, आणि भिंतीपलीकडे दोन कोसांवर टेकडी.

अकराच्या सुमाराला तिने तोंड उघडलं. मासा उघडतो-मिटतो तसं नाही. उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यातून सुतळीएवढी राखाडी धार बाहेर आली, सावकाश, न तुटता, शेवयांच्या यंत्रातून शेवई येते तशी, आणि बरणीच्या तळाशी वेटोळं होऊन बसली. मी तव्यावरची भाकरी जळेपर्यंत पाहत होते. धार थांबली नाही.

खवली मी परत हाळात सोडली आणि त्या दिवशी त्या ओट्यावर केलेलं अन्न म्हशीला घातलं. म्हशीने हुंगलं आणि मान फिरवली.

३

माझ्या सासूबाई, कमलबाई, सत्तरीच्या आहेत. आवाज कधी चढवला नाही, मला कधी उणा शब्द बोलल्या नाहीत. माझ्या अर्जांवर पहिला अंगठा त्यांचाच असायचा. सकाळी अंघोळ करून त्या हाळापाशी येतात, ओंजळीत पाणी घेतात, दोन्ही डोळ्यांना लावतात.

लुगडं बांधलं त्याच आठवड्यात मी पाहिलं, की त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत चिपडं धरतायत. म्हातारपणी धरतातच. पण ही राखाडी होती. मी ओल्या कापडाने पुसायला गेले तर ती चिकट लागली, आणि कापडावर बोट फिरवलं तेव्हा बोटाखाली बारीक कचकच झाली. मी हात साबणाने तीनदा धुतला. त्यांच्यासमोर नाही, मागच्या दारी जाऊन. आपल्याच माणसाची अशी किळस यावी याची लाज वाटली.

शहाद्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले. चार वर्षं क्रशरची धूळ खाल्ली आहे गावाने, अजून वर्षभर निघत राहील, म्हणाले. हे मला पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं.

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, आई, काही दिवस ते पाणी डोळ्यांना लावू नका. मासे आतून घाण टाकतायत.

त्या हसल्या. "लेक माहेरले येस ते रिकामा हातनी येस का?" त्या म्हणाल्या. "काही ना काही लईसन येस. आपुन ते ठी लेवो."

काय आणलंय ते ठेवून घ्यायचं. थोरल्या माणसाला दोनदा सांगायची मला सवय नाही.

दुपारी त्या ओसरीवर आडव्या झाल्या. मी गहू निवडत होते. तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला. खर्र, खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. चार वर्षं तो ऐकल्यावर मी चुकणं शक्य नव्हतं. दगडावर दगड. क्रशर चालू होता.

४

माझे मिस्टर, हेमकांत, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला आहेत. रविवारी मी त्यांच्या मागे लागले आणि आम्ही मोटारसायकलवर टेकडीला गेलो. ते वाटभर कुरकुरत होते. सील तोडून चोरून प्लांट चालवत असतील, पुन्हा अर्ज द्यावा लागेल, असं मी म्हणत होते. आणि मनातून मला तसंच हवं होतं.

खाणीच्या फाटकावर दगा नावाचा म्हातारा राखणदार बसलेला होता. त्याने आम्हाला सरळ आत सोडलं. पट्टे नव्हते, मोटारी नव्हत्या, क्रशरचे जबडे नव्हते. नुसते सिमेंटचे चौथरे, त्यांवर बोल्टांची भोकं. धुण्याचे हौद कोरडे ठणठणीत, तळाला भेगा, भेगांत गवत उगवून वाळलेलं. खाली खाणीचा खड्डा, पायऱ्या पायऱ्यांनी कापत नेलेला, इतका खोल की तळाशी दुपारीसुद्धा सावली होती.

"मशिनी काढीसन लई गयात," दगा म्हणाला. "आते आठे मी नि सरडा. दोन्हीच नोकर."

हेमकांत हसले. मी आवाजाचं विचारलं.

"आवाज ते माले बी येस," तो म्हणाला. "पन तो तुमना गावमाईन येस." आमच्या गावातून.

येताना आम्ही नाल्याच्या कडेने आलो. नाला खडखडीत होता. खाणीपासून गावापर्यंत पाण्याचा थेंब नव्हता, ओल नव्हती, काही वाहून येईल असा रस्ताच नव्हता. आणि डोहात, जिथे आम्ही आखाजीला गुडघाभर पाण्यात उभ्या होतो, तिथे राखाडी गाळ ताजा होता. काठापर्यंत आलेला. त्यावर बुडबुडे येत होते आणि फुटताना ओठ चाटल्यासारखा आवाज होत होता. मी चपलेचं टोक बुडवलं आणि ते ओढून काढताना चप्पल पायातून निघून आत राहिली. हेमकांतने काठीने ओढून दिली. मी ती घातली नाही, एका पायाने अनवाणी घरी आले.

त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "चारू, चार वरीस तू त्या खाणना मांगे लागनी. आते खाण बंद व्हयनी, पन तुन्हा डोकामा चालू शे." ते चिडून बोलले नाहीत. थकलेल्या माणसाला सांगतात तसं सांगितलं. दुपारचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, कारण दुपारी ते घरी नसत.

५

दोन घरं सोडून ममता राहते. माझ्याच वयाची, सासू नाही, त्यामुळे घरातली थोरली बाई तीच. तिच्याकडे सात लेकी होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले, कारण तिने आठ-दहा दिवसांत हाळ धुतल्याचा आवाज मला आला नव्हता.

तिच्या अंगणात शिरताच वास आला. ओल्या खडूचा, आणि त्याच्या खाली दुसरा, सकाळी चूळ न भरलेल्या तोंडाचा.

हाळ काठोकाठ भरलेला होता. पाण्याने नाही. सिमेंट कालवून ओतावं तसा गाळ, वर चकाकणारी साय. आणि त्या सायीत सात खवल्या अर्ध्या रुतून बसल्या होत्या, पाठी उघड्यावर, उन्हात. मेल्या असत्या तर मी समजू शकले असते. त्या फुगल्या होत्या, तळहातापेक्षा रुंद झाल्या होत्या, खवले ताणून एकमेकांपासून सुटले होते आणि मधली कातडी माणसाच्या हिरडीसारखी दिसत होती. कल्ले एकदम उघडत, एकदम मिटत. सातही तोंडं टेकडीकडे. हाळाच्या काठावरून गाळ ओघळत होता आणि ममताचा बैल तो चाटत होता, डोळे मिटून.

"देख ना ताई, मन्ह्या लेकी कश्या भरन्यात," ममता कौतुकाने म्हणाली. तिने वाकून दोन बोटं सायीत बुडवली आणि डोळ्यांना लावली. मग पदराने तोंड पुसलं. पदरावर राखाडी ओलसर पट्टा राहिला. तो तिच्या ध्यानातही आला नाही.

मी म्हटलं, हे पाणी नाहीये. ती म्हणाली, तुम्हाला आता सगळीकडे खाणच दिसते. माशाला चिखल आवडतो, त्या मजेत आहेत. चहा टाकते, बसा. मी बसले नाही. माझ्यासाठी तिने आणलेल्या पाण्याच्या पेल्यात खाली काही साठलंय का, ते मी पाहत होते, आणि तिने मला पाहताना पाहिलं.

घरी येताना खर्र खर्र ऐकू येत होतं. या वेळी मी थांबून नीट ऐकलं. ते टेकडीकडून येत नव्हतं. ममताच्या अंगणातून येत होतं, पुढच्या घरातून येत होतं, आणि आमच्या ओसरीवरून, जिथे सासूबाई डाव्या कुशीवर निजल्या होत्या. त्यांचा जबडा हलत होता. लहान मूल झोपेत दात खातं तसा. जंत झाले की पोरं खातात, तेच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सासूबाईंच्या तोंडात दात नाहीत. बारा वर्षांपूर्वीच सगळे काढले आहेत.

६

मला एकदा आत पाहायचं होतं. डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतात, तसं.

सकाळी दहाचं लख्ख ऊन होतं. मी हाळातून एक खवली उचलली. तिने अंग टाकून दिलं होतं. हातात ती माशासारखी लागत नव्हती, भरलेल्या आतड्यासारखी लागत होती, आणि दाबली की बोटांचे खड्डे तसेच राहत होते. मी चष्मा पुसला, तिला उन्हाकडे धरलं आणि अंगठ्याच्या नखाने तिचं तोंड उघडलं.

जीभ नव्हती, लाल काही नव्हतं. राखाडी होतं. आधी मला वाटलं गाळ आहे, मग दिसलं की मधे पोकळ आहे. ऊन आत जात होतं, आणि जात होतं, माशाच्या लांबीपेक्षा पुष्कळ पुढे. कडेने पायऱ्या होत्या. कापत कापत खाली नेलेल्या, एकाखाली एक, खाली लहान लहान होत गेलेल्या. तळाशी सावली होती. त्या सावलीत काहीतरी सावकाश फिरत होतं, ओलं, आणि त्याच्या आजूबाजूच्या पायरीवर बारीक ठिपके सरकत होते. माझ्या अंगठ्यावर आतून गरम वारा लागला.

मी ती हाळात टाकली. अंगठा मी टीसीएलच्या, म्हणजे विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवला, कातडी पांढरी होऊन सुटेपर्यंत.

मग विचार करायला लागले. चष्म्याचा नंबर बदलायचा राहिला आहे. रात्रीची झोप नाही. सकाळपासून पोटात काही नाही. चार वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते कुठेही दिसू शकतं, हेमकांत म्हणतात ते खोटं नाही. हे सगळं मी ओळीने मांडलं आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. अंगठा मात्र दिवसभर मी जेवणाच्या ताटापासून लांब धरला.

७

वर सातपुड्यात पाऊस झाला आणि पाझरीला लाल पाणी आलं. आळीतल्या बायकांनी रविवार सकाळची पाठवणी ठरवली.

मी घरोघरी गेले. म्हटलं, यंदा सोडू नका. या माशांत जे आहे ते नदीत जाईल, नदीतून तापीत जाईल. बायकांनी ऐकून घेतलं. कुणी भांडली नाही. प्रत्येकीने तेच विचारलं, की मग नदीत काय सोडायचं? बी नाही सोडलं तर पाझरी वांझ. तुम्हीच ना हे लिहून दिलं होतं अर्जात? मी लिहिलं होतं. बोलताना त्यांचे डोळे पाणावत आणि त्या पदराने टिपत, आणि मी त्यांच्या पदरांकडे पाहायचं टाळत होते.

रविवारी सकाळी सासूबाई लवकर आवरून निघाल्या. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, कळशी घेऊन मी मागून येते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना हाळात एकदा डोकावल्या आणि समाधानाने गेल्या.

कपाटात विहिरीच्या टीसीएलची पिशवी होती. पाच हजार लिटर पाण्याला पंचवीस ग्रॅम टाकायचं, हे मला पाठ आहे. मी अर्धी पिशवी हाळात ओतली. नाका-डोळ्यांत वाफ गेली, खोकत बाजूला झाले. हाळात खळबळ झाली, मासे करतात तशीच, साधी. एक खवली उडून अंगणात पडली आणि मातीत तडफडत राहिली. मी पाय मागे घेतला. पाच मिनिटांत सगळं शांत झालं.

पांढऱ्या पाण्यावर त्या तरंगत होत्या. चार बोटांच्या. फुगलेल्या नव्हत्या.

मी आयुष्यात मासा चिरला नव्हता. भाजीची विळी घेतली, मग ठेवून दिली आणि हेमकांतच्या दाढीचं पातं आणलं. अंगणात पडलेली खवली पाटावर घेतली. पहिल्यांदा पातं माझ्याच बोटात गेलं. मग पोट उघडलं.

आत मासाच होता. लाल कल्ले, बारीक आतडं, आणि पोटभर अंडी, मोहरीएवढी पिवळी, एकमेकींना धरून बसलेली. स्वच्छ. कुठेही गाळाचा कण नाही. मी दुसरी चिरली. तशीच. तिसरी, चौथी. सगळ्या गाभण. नऊच्या नऊ भरलेल्या लेकी मी माहेरात मारल्या होत्या, आणि नदीचं बी माझ्या नखांत पिवळं चिकटलं होतं.

परसातला ढीग पाहायला मी धावत गेले. तो होता. राखाडी, टोपलीभर, ओला. मला कळेना की याने मी सुटले की जास्त अडकले.

८

रिकामी कळशी घेऊन मी नदीवर गेले. तोंडाने खोटं बोलता आलं असतं, कळशी वाकडी करून पाठवणीचं सोंग करता आलं असतं. पण मी ठरवलं होतं सांगायचं.

बायकांच्या कळशा काठावर ओळीने पालथ्या ठेवल्या होत्या, हळदकुंकवाची बोटं लावलेल्या. बायका पाण्यात होत्या. दरवर्षी आम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन सोडतो. या कमरेपर्यंत गेल्या होत्या. प्रत्येक घरातली थोरली बाई, दहा-बारा जणी, मधे सासूबाई, बाजूला ममता. नदी लाल वाहत होती, फक्त त्यांच्या भोवतीचं पाणी राखाडी होतं आणि ते प्रवाहाबरोबर खाली न जाता तिथेच जाडसर फिरत होतं. गप्पा नव्हत्या, कुणी गाणं म्हणत नव्हतं. सगळ्यांची तोंडं वर, टेकडीकडे.

मी काठावरूनच सांगितलं. "आई, मी लेकी मारल्या. सगळ्या. औषध टाकून. त्यांच्यात काही नव्हतं आई, अंडी होती नुसती."

मला वाटलं, आता कुणीतरी शिवी देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं. चार वर्षं मी या एका माशासाठी उंबरे झिजवले होते, आणि तिसातल्या बाकीच्या किती जगतील, याचा भरवसा नव्हता.

सासूबाई हळूहळू वळल्या. रागावल्या नव्हत्या. माझं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, तेव्हा दवाखान्यात त्यांनी असाच चेहरा केला होता.

"काही नही वं," त्या म्हणाल्या. "आमी शेतस ना."

आम्ही आहोत ना. बाकीच्याही वळल्या आणि तशाच मायेने माझ्याकडे पाहायला लागल्या. ममताने थोडं सरकून तिच्या आणि सासूबाईंच्या मधे जागा केली. एका माणसापुरती.

सासूबाईंनी हात पुढे केला. "ये," त्या म्हणाल्या. "नदी रिकामी राही जाई ते कसं व्हई?"

त्या रविवारी हेमकांतना कारखान्यात पाळी होती, दुपारपर्यंत ते येणार नव्हते. गाव जवळ होतं, ओरडले असते तर कुणी ना कुणी आलं असतं. सगळं मी विचारात घेतलं. पण नदीचं बी माझ्या हाताने गेलं होतं, हे खरं होतं, आणि सासूबाई इतक्या वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा काही मागत होत्या. मी कळशी इतर कळशांच्या ओळीत पालथी ठेवली, साडी खोचली आणि उतरले.

पाणी पावसाळी नदीचं, म्हणून गार असेल असं वाटलं होतं. ते कोमट होतं. तोंडात असतं तेवढं कोमट.